नाना फार आनंदात आहेत

मानसोपचारतज्ज्ञांनी काकूंना पहिल्याच भेटीत विचारले, "यांना कधी जरा जास्तच बरे वाटत होते, असे झाले होते का?" नाना शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते, दाढी वाढलेली, शर्टाची बटणे एका घराने वर-खाली लागलेली. आम्ही घेऊन गेलो होतो एका खचलेल्या माणसाला, आणि डॉक्टर चौकशी करत होते त्याच्या आनंदाची. काकू म्हणाल्या, "नाही हो. आजारी नसले की ते अगदी छान असतात. घर डोक्यावर घेतात." डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि पुढचा अर्धा तास केवळ त्या छान दिवसांविषयी प्रश्न विचारले. तेव्हा झोपत किती? पैसे कसे खर्च करत? बोलताना दुसऱ्याला मध्ये बोलू देत का?

नाना म्हणजे माझे चुलत सासरे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचा जुना वाडा आहे, आणि त्याच्या मागच्या सोप्यात नाना व काकू राहतात. गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेला हा माणूस वर्षातले काही महिने कोणाशी बोलत नसे, आंघोळीला टाळाटाळ करत असे, ताटातली भाकरी कुस्करून तशीच ठेवत असे. त्याला घरात आजार म्हणत. त्यासाठी डॉक्टर झाले, वैद्य झाले, ग्रहशांतही झाली. मात्र फाल्गुन-चैत्राच्या सुमारास नाना उठून बसत, घडी मोडलेला सदरा घालून बाड्यावर जात, येताना सगळ्यांसाठी कचोऱ्या आणत, आणि घरातली वडीलधारी मंडळी देवापुढे साखर ठेवून म्हणत की नाना आता फार आनंदात आहेत. आजार संपला, असे सर्वांनी ठरवलेले असे. वस्तुतः आजाराची दुसरी बाजू तिथून सुरू होत होती, आणि तिचे आम्ही सगळे कौतुक करत होतो.

त्या कौतुकाचा एक पुरावा माझ्या कपाटात आहे. नानांना दर एक-दोन वर्षांनी घराण्याचा कुलवृत्तांत लिहिण्याची ऊर्मी येई. शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत आलेल्या मूळ पुरुषापासून आजच्या नातवंडांपर्यंत सगळी वंशावळ ते मांडायला घेत. त्यातली एक वही मी जपून ठेवली आहे. पहिली वीस-पंचवीस पाने कोणत्याही संशोधकाने हेवा करावा अशी आहेत: बारीक, सरळ अक्षर, समासात संदर्भ, एका नावाच्या दोन शाखांत झालेल्या घोटाळ्याचा अचूक उलगडा. मग शाई बदलते. समासातले संदर्भ मजकुरात घुसतात, मजकूर समासात जातो, बाण निघतात, घराण्याचा संबंध आधी पेशव्यांशी, मग काशीच्या पंडितांशी आणि शेवटी थेट सूर्यवंशाशी जोडला जातो. अक्षर मोठे होत जाते. अखेरच्या पानांवर चार-पाचच शब्द आहेत, आणि निब इतक्या जोराने टेकवलेली आहे की कागद फाटला आहे. त्या दिवसांत नाना पहाटे तीनला उठून सांगली, पुणे, बडोदे इथल्या नातेवाइकांना फोन करत आणि पणजोबांच्या सख्ख्या भावाचे नाव विचारत. नातेवाईक दुसऱ्या दिवशी हसत सांगत, "या वयात काय उत्साह आहे!" वही आरंभापासून शेवटपर्यंत कोणी चाळली असती, तर डॉक्टरांना अर्धा तास विचारपूस करावी लागली नसती.

नानांच्या आजाराचे नाव बायपोलर: त्यात मन काही काळ खोल खचते आणि काही काळ नको तितके चढते. त्याचे निदान वर्षानुवर्षे रेंगाळते, त्यामागे हेच मोठे कारण आहे. माणूस डॉक्टरकडे जातो तो खचलेला असताना. चढलेला असताना त्याला स्वतःला बरे वाटत असते, नव्हे, इतके बरे त्याला जन्मात कधी वाटलेले नसते. त्यामुळे डॉक्टरांसमोर केवळ नैराश्य येते, आणि उपचारही नैराश्याचेच होतात. बायपोलरच्या रुग्णाला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाची जोड न देता नुसत्या नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या, तर काहींच्या बाबतीत त्याच गोळ्या त्याला उन्मादात ढकलतात. नानांचे एकदा असे झाले असावे, असे नव्या डॉक्टरांचे मत पडले. त्याआधीच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही; त्यांना जे सांगितले गेले, त्यावरून दुसरे निदान करणे अवघडच होते.

आजाराची आखणी समजून घेतली की हा गोंधळ अधिक स्पष्ट होतो. मनःस्थिती असामान्यरीत्या चढलेली किंवा चिडकी, अंगात शक्ती मावेनाशी, झोपेची गरजच कमी, विचारांची आणि बोलण्याची गती वाढलेली, आपण काहीही करू शकतो असा विश्वास आणि परिणामांचा विचार न करता घेतलेले निर्णय, हे सगळे किमान आठवडाभर टिकले आणि त्याने माणसाचे कामकाज विस्कटले, की त्याला उन्माद म्हणतात; रुग्णालयात ठेवण्याची वेळ आली, तर आठवड्याचीही अट राहत नाही. असा पूर्ण उन्माद एकदा जरी येऊन गेला, तरी तो पहिल्या प्रकारचा बायपोलर होय. दुसऱ्या प्रकारात उन्माद सौम्य असतो, सलग ४ दिवस टिकला तरी तो धरतात. त्याने संसार मोडत नाही, उलट काम जास्त होते, आणि नेमका म्हणूनच तो नजरेतून सुटतो. त्याच्या जोडीला मात्र खोल नैराश्याचे कालखंड असतात. चढउतार दोन्ही बाजूंनी सौम्यच, पण वर्षानुवर्षे न थांबणारे, असा सायक्लोथायमिया नावाचा प्रकारही आहे, आणि अशा माणसांना आपण आयुष्यभर लहरी म्हणून सोडून देतो. मिश्र अवस्था या सगळ्यांहून वाईट: मन खोल गाळात आणि अंगात मात्र उन्मादाची तडफड. आत्महत्येचा धोका या अवस्थेत विशेष असतो, हे घरच्यांना ठाऊक असायला हवे.

अमेरिकेत पहिल्या प्रकारच्या १४६ रुग्णांचा सरासरी सुमारे १३ वर्षे आठवड्यागणिक मागोवा घेतला गेला आणि त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. जवळजवळ निम्मे आठवडे त्यांना काही ना काही त्रास होता. त्यातले नैराश्याचे आठवडे एकूण काळाच्या सुमारे ३२ टक्के आणि उन्मादाचे किंवा सौम्य उन्मादाचे सुमारे ९ टक्के होते. म्हणजे ज्या अवस्थेवरून आजार ओळखायचा, ती अवस्था काळाच्या हिशेबात फारच लहान. ती दिसली त्या दिवसांत घरातले कोणी तरी शांत डोक्याने पाहणारे असावे लागते. आमच्याकडे सगळे कचोऱ्या खाण्यात गुंतलेले होते.

अर्थात कौतुकालाही एक हद्द असते. दर हिवाळ्यात इथे मोठा व्यापार मेळा भरतो. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा ग्वाल्हेरकरांच्या हाडीमांसी भिनलेला आहे. अनेक वर्षी तिथे घेतलेल्या वाहनांना रोड टॅक्समध्ये सूट मिळते, त्यामुळे गाडी घ्यायची ती मेळ्यात, असा इथला रिवाज. एका वर्षी आजार नेहमीची ऋतूंची वेळ सोडून हिवाळ्यातच चढला, आणि नानांनी एका संध्याकाळी दोन मोटारसायकली आणि एक चारचाकी नक्की केली. त्यांना सायकलखेरीज काही चालवता येत नाही. एक मोटारसायकल त्यांनी पेपर टाकणाऱ्या मुलाला देऊन टाकण्याचे वचन दिले होते, आणि ते पोर दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन दारात उभे होते. त्या मुलाची समजूत काढणे काकूंना बयाण्याचे पैसे बुडण्याहून जड गेले. नानांना झोप नव्हती, विश्रांती नव्हती. "माझा हिशोब चुकत नाही" असे गणिताचे मास्तर सर्वांना ओरडून सांगत होते आणि अडवणाऱ्यावर धावून जात होते. त्या वेळी प्रथमच आमच्या दिवाणखान्यात तो वाक्प्रचार उच्चारला गेला, जो इकडची मंडळी चेष्टेत रोज वापरतात: आता आग्र्याला पाठवायची वेळ आली.

महाराष्ट्रातले लोक ठाणे किंवा येरवडा म्हणतात, आम्ही आग्रा म्हणतो. आग्रा लांब नाही, आणि ग्वाल्हेरची स्वतःची मानसिक आरोग्यशाळाही आहे. तरी वाक्प्रचारात गाव दूरचे असावे लागते. मात्र या भीतीला केवळ अज्ञान म्हणून उडवून लावणे योग्य होणार नाही. रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर या तिन्ही ठिकाणच्या मनोरुग्णालयांची स्थिती इतकी चिंतेची होती की, सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवले. ज्या पिढीने त्या भिंती आतून किंवा बाहेरून पाहिल्या, तिने मुलांना धाक घातला तर नवल नाही. त्यानंतर कायदा बदलला, व्यवस्था सुधारल्या. धाक तेवढा जुन्याच मापाचा राहिला. त्याची किंमत फार आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये मध्य प्रदेशासह १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांवर उपचार होत नसल्याचे आढळले. त्यांच्यापैकी कितीतरी घरांत नाना "फार आनंदात" असणार.

धाकाचे दुसरे टोक लग्नाच्या बैठकीत दिसते. नानांच्या पुतणीसाठी स्थळे पाहायला सुरुवात झाली, तेव्हा घरात दोन तट पडले. एक म्हणे, मागच्या सोप्यातले काही बोलायचे नाही. दुसरा म्हणे, उद्या कळले तर तोंड दाखवायला जागा नाही. आनुवंशिकतेचा भाग या आजारात मोठा आहे हे खरे. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल, तर मुलाला होण्याची शक्यता साधारणपणे ५ ते १० टक्के धरली जाते. याचा अर्थ बहुसंख्य मुलांना तो होत नाही, आणि पुतणीचे नाते तर आणखी एक पायरी दूरचे. एवढा हिशोब कोणी पुढे मांडला असता तर बैठक दहा मिनिटांत संपली असती. पण आमच्यात मधुमेहाचा हिशोब मांडतात, मनाचा मांडत नाहीत. शेवटी मुलीने स्वतःच मुलाला सांगितले. लग्न झाले. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही घडले नाही, ही समाधानाची बाब.

नानांना लिथियम सुरू झाले तेव्हा मी त्याविषयी मिळेल ते वाचून काढले, आणि त्याचा इतिहास मला कोणत्याही कथेहून विलक्षण वाटला. जॉन केड हे ऑस्ट्रेलियातले डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या ताब्यातल्या सिंगापूरमधल्या चांगी इथल्या छावणीत तीन वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी होते. सुटून आल्यावर एका मनोरुग्णालयाच्या मोडकळीला आलेल्या जागेत ते गिनीपिगवर प्रयोग करू लागले. उन्मादाचे मूळ शरीरात साचणाऱ्या एखाद्या विषारी द्रव्यात असेल, असा त्यांचा तर्क होता. तर्क चुकीचा निघाला. पण युरिक आम्ल पाण्यात नीट विरघळावे म्हणून त्यांनी लिथियमचा क्षार वापरला आणि प्राणी शांत पडून राहिले. मग त्यांनी लिथियम स्वतः घेऊन पाहिले आणि उन्मादाच्या १० रुग्णांना दिले. १९४९ साली तो निबंध छापून आला. पहिला रुग्ण पाच वर्षे उन्मादात होता. तो बरा होऊन घरी गेला, कामाला लागला, त्याने औषध सोडले, परत आला, आणि पुढच्या वर्षी त्याच औषधाच्या विषबाधेने दगावला. रक्तातले प्रमाण मोजून लिथियम देण्याची पद्धत त्यानंतर रुळली. डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी १९५४ पासून शिस्तीने अभ्यास केला, आणि अमेरिकेत या औषधाला १९७० साली मान्यता मिळाली. आज बायपोलरसाठी इतरही औषधे आहेत, व्हॅलप्रोएट आहे, क्वेटियापिन आहे, लॅमोट्रिजिन आहे, आणि कोणाला काय लागू पडेल ते डॉक्टरच ठरवतात. पण आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत लिथियमइतका भक्कम पुरावा फारच थोड्या औषधांपाशी आहे. त्यातून ते स्वस्त.

या औषधाची खरी परीक्षा मात्र ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात होते, आणि याविषयी जरा सविस्तर लिहिणे मला भाग वाटते, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते दोन ओळींत उरकलेले असते. लिथियमचे रक्तातले प्रमाण दीर्घकाळच्या उपचारात साधारणपणे लिटरला ०.६ ते १ मिलिमोल या पट्ट्यात ठेवतात, ते १.५ च्या पुढे गेले की विषबाधेची भीती असते. औषध आणि विष यांच्यातली जागा इतकी अरुंद आहे. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले, की मूत्रपिंडे मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतात आणि प्रमाण चढते. इथे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपलीकडे जातो, लू सुटते, अंगावरचा घाम जाणवण्याआधी वाळतो. त्यातच ज्येष्ठात निर्जला एकादशी येते, आणि काकूंनी आयुष्यभर ती नानांबरोबर केलेली. पाण्याचा थेंब नाही, आणि औषध मात्र वेळेवर, कारण ते चुकवायचे नाही असे डॉक्टरांनी बजावलेले. हात थरथरू लागले, पाय लटपटले, शब्द जिभेत अडकू लागले. घरात कोणी म्हणाले उपासाने झाले, कोणी म्हणाले वयाने. नशिबाने माझ्या नवऱ्याने त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला, गोळी थांबवली, रुग्णालयात नेऊन रक्त तपासले. तेव्हापासून नाना निर्जला एकादशीला कैरीचे पन्हे पितात, मिठासह, आणि काकू त्यांच्या वाटचा उपास स्वतः करतात. एकाएकी मीठ तोडणे, जुलाब-उलट्यांत औषध तसेच रेटणे, गुडघे दुखले म्हणून औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेणे, रक्तदाबाची काही औषधे मानसोपचारतज्ज्ञांना न सांगता सुरू करणे, या सगळ्यांनी लिथियम चढू शकते. रक्त द्यायचे ते शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी; थायरॉइड आणि मूत्रपिंडांची तपासणीही ठरावीक अंतराने करायची. आमच्या फ्रीजवर तारखा चिकटवलेल्या आहेत, आणि त्या गणिताच्या मास्तरांनीच आखल्या आहेत.

औषधाने बसवलेली घडी टिकू लागली तेव्हा एक नवाच त्रास सुरू झाला, ज्याविषयी मी कुठे फारसे वाचले नव्हते. जे घर इतकी वर्षे काही पाहत नव्हते, ते आता सगळेच पाहू लागले. नाना गणपतीच्या आरतीत मोठ्याने टाळ वाजवू लागले की दोघी जणी एकमेकींकडे पाहत. ते भाजीवाल्यावर चिडले की कोणी तरी हळूच विचारी, "गोळी घेतली ना?" भाजीवाला खरोखरच वजनात मारत होता. एक दिवस नाना मला म्हणाले, "सूनबाई, तुमच्या घरात सगळ्यांना राग येतो, मला फक्त लक्षणे येतात." आजारी माणसाचा आनंद आणि राग दोन्ही संशयित ठरवणे ही एक प्रकारची शिक्षाच असते, आणि ती देणारे स्वतःला काळजीवाहू समजतात, हे त्यातले अधिक दुःखद.

मग पाहायचे काय? डॉक्टरांनी याचे उत्तर एका शब्दात दिले: झोप. आनंदी माणूस आनंदात झोपतो. उन्मादाकडे निघालेल्या माणसाला झोपेची गरजच उरत नाही, तीन तास झोपून तो ताजातवाना उठतो, आणि हे पुष्कळदा इतर लक्षणांच्या काही दिवस आधी दिसू लागते. निद्रानाशाच्या रुग्णाला झोप हवी असते आणि येत नाही, हा फरकही ध्यानात ठेवावा. उलट बाजूनेही ते खरे आहे: जागरण हे केवळ लक्षण नसते, ते उन्मादाला निमंत्रणही देते. त्यामुळे तानसेन समारोहाच्या रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या मैफली नानांनी सोडल्या. गाण्याच्या या गावात, ज्याच्या कानात बालपणापासून ग्वाल्हेर घराण्याचे ख्याल मुरले आहेत, त्या माणसाने ती बैठक सोडणे ही लहान गोष्ट नव्हे. त्याला पथ्य म्हणून मोकळे होणाऱ्यांनी स्वतःची एखादी आवडती गोष्ट सोडून पाहावी. सकाळच्या सभांना मात्र ते जातात, आणि तिथे कितीही मोठ्याने दाद दिली तरी आमच्यापैकी कोणी वळून पाहत नाही. तसे ठरलेच आहे.

ठरलेल्या गोष्टी कागदावर असाव्यात, हा आग्रहही नानांचाच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. आजारात आपला निर्णय आपण घेऊ शकलो नाही तर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क त्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला दिला आहे. बायपोलरसाठी ही तरतूद जणू मापून शिवलेली आहे, कारण या आजारात माणूस मधल्या काळात पूर्ण शुद्धीवर असतो आणि चढलेल्या आपल्याच रूपाला ओळखतो. मनाचा तोल ढळत असताना काय करावे असा प्रश्न ज्यांना आज पडला आहे, त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.

नानांचा कागद दीड पानाचा आहे. सलग दोन रात्री चार तासांहून कमी झोप झाली तर डॉक्टरांना कळवावे, आपली परवानगी विचारत बसू नये. मेळ्याच्या दिवसांत बँकेचे कार्ड काकूंकडे राहील. रुग्णालयात ठेवावे लागले तर ठेवावे, मात्र चश्मा आणि एक वही जवळ असू द्यावी. कुलवृत्तांताचे काम रात्री दहापर्यंतच चालेल, पण वह्या कोणी लपवायच्या नाहीत. प्रतिनिधी म्हणून त्यांनी मुलाचे नाव लिहिले असेल असे आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि मुलगाही सहीला पेन काढून बसला होता. त्यांनी नाव माझे घातले. मुलाने जरा तोंड वाकडे करून कारण विचारले, तेव्हा नाना म्हणाले, "तू साडेआठला उठतोस. पहाटे माझ्या खोलीत दिवा लागलेला हिलाच दिसेल."